तीन वर्षांचा पेरू

(जळगावातली एक कॉलनी. रिखबचंद आणि त्याची बायको लाडकुंवर यांच्या भिंतीलगतचं पेरूचं झाड नुकतंच तोडून पाडलंय.)

रिबका : मी बाजारात काय गेले, तुम्ही मागे कुऱ्हाड घातलीत!

रिखबचंद : आवाज खाली, रिबकाबाई. झाड रस्त्यावर होतं, तुमच्या अंगणात नव्हतं.

रिबका : रस्त्यावरचं म्हणजे महापालिकेचं. परवानगी दाखवा, शेठ. नाहीतर उद्याच तक्रार देते.

रिखबचंद : खुशाल द्या. आख्खी कॉलनी माझ्या बाजूनं बोलेल.

रिबका : ही कॉलनी? घरोघरी रोपं वाटली मी. कुणाची शेळ्यांनी खाल्ली, कुणाची पाण्यावाचून करपली. भर मे महिन्यात धुण्याचं पाणी वाहून हे एवढं एक जगवलं. सावली तुमच्या भिंतीला!

रिखबचंद : सावलीचं काय घेऊन बसलात? लाडकुंवर, सांग त्यांना, तू काय बघितलं ते.

लाडकुंवर : बघितलं तेच सांगते हो. पेरू धरले, की बाई कच्चेच तोडणार आणि खड्डा करून पुरणार. खाणं नाही, विकणं नाही, कुणाला देणं नाही. अशानं माणसाच्या मनात काय येणार?

रिखबचंद : आमच्या नातीनं, प्रियलनं एक उचलला, तर हातातून हिसकावलात. दुसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली.

रिबका : म्हणजे मी करणी करते?

रिखबचंद : मी तसं म्हटलं नाही.

रिबका : म्हटलं नाहीत, थेट कुऱ्हाडच चालवलीत. ऐका आता. आम्ही ज्यू. लावलेल्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं आम्हाला वर्ज्य. देवाची आज्ञा आहे. आणि झाडांचंही नवं वर्ष असतं आमच्यात. ते उद्या आहे. उद्या याची तीन वर्षं भरत होती.

लाडकुंवर : तुम्ही मलिद्याचं ताट आणता, तो दिवस?

रिबका : तोच. पोहे, गूळ, खोबरं, फळं. दरवर्षी मिटक्या मारत खाता. कशाचं ते कधी विचारलंत?

रिखबचंद : मग तुम्ही सांगायचं! पेरू पुरताना तोंडाला कुलूप होतं?

रिबका : तुम्ही जैन, बटाटा खात नाही. मी कधी खुलासा मागितला? नाश्त्याला बोलावलं की गपचूप तुमच्यापुरते बिनबटाट्याचे पोहे केले. शेजारधर्म असाच असतो, असं वाटलं मला. मूर्ख मी.

लाडकुंवर : अहो, चौमासात आपणही हिरव्या भाज्या सोडतोच की...

रिखबचंद : तू गप्प बस.

लाडकुंवर : आता गप्प? मघाशी तुम्हीच बोल म्हणालात. बाई, उद्यानंतरचे पेरू मग कुणाचे?

रिबका : येत्या बहाराचा पहिला मलिद्याच्या ताटात, देवाच्या नावानं. दुसरा प्रियलचा. शब्द दिला होता तिला, झाड मोठं झालं की तुला देईन. रोज भिंतीवरून विचारायची, ‘आजी, झालं का मोठं?’

रिखबचंद : ठीक आहे, ठीक आहे. नर्सरीतून चांगलं कलम आणतो. उद्याच लावून देतो. विषय संपला.

रिबका : लावा. उन्हाळाभर पाणीही तुम्हीच वाहा. आणि पेरू धरले, पोरगी मागायला लागली, की तीन वर्षं तिला ‘नाही’ तुम्हीच म्हणा.