कादंबरीतल्या मार्थासाठी प्रार्थना

ख्रिस्ती कादंबरी लिहिण्यात अवघड ते काय, असं विचारता ना? मग आमच्या मुर्री गावातलं ऐका. आमच्याकडे दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. त्या संध्याकाळी सुशीलाआंटींच्या घरी मी माझ्या नव्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचून दाखवलं. त्यात मार्था तापानं खाटेवर पडली आहे आणि खिडकीतून धानाच्या बांधीतलं, भाताच्या खाचरातलं चांदणं बघते आहे. पुढच्या प्रकरणात मी तिला मारणार होतो. दर वेळी प्रार्थना केली की ताप उतरतो, अशी कादंबरी कोण खरी मानेल?

वाचून झालं तशा आंटी म्हणाल्या, "कोन्त्या दवाखान्यात हाय ते पोरगी?"

"आंटी, ती खरी नाही. मी रचली आहे तिला."

"रचली त का झालं? बिमार त हाय ना? मिटा डोरे."

सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. "प्रभू, या मार्थाले उठव," आंटी अंगाई म्हणावी तशा हळू आवाजात बोलत राहिल्या. मिटल्या डोळ्यांपुढे मला ती खाट दिसली. बांधीतलं चांदणं आत येऊन तिच्या पायांशी साचलं होतं. मार्था उठून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन मारून राहिला मले?"

शेवटी आमेन म्हणताना सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.