चाळीस नावं, एक अक्षर

नको, गुच्छ टेबलावरच राहू द्या. बोलताना हात मोकळे बरे.

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, उद्याच्या मुलाखती घ्यायला आलेले कंपनीचे पाहुणे, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्याने मागे उभे राहिलेले विद्यार्थी मित्रहो,

आत्ताच प्राचार्य म्हणाले, बाईंनी एकवीस वर्षं मुलांना नोकऱ्या मिळवून दिल्या, एकाचंही नुकसान होऊ दिलं नाही. ऐकायला गोड वाटलं. पण ते खरं नाही. एका मुलीचं झालं. माझ्यामुळे.

नऊ वर्षांपूर्वी पाहुण्यांची कंपनी पहिल्यांदा इथे आली. कंपनी तोफगोळ्यांचे सुटे भाग बनवते. फलकावर आम्ही लिहिलं, 'अचूक यंत्रभाग'. ते शब्द माझे. मुलाखतीच्या वेळा चाळीस. तक्ता माझ्या खोलीबाहेर लावायचा. आधी नाव लिहील त्याची वेळ. सातला लावला, साडेसातला भरला. मी खूश! दुपारी कळलं, यांतल्या एकालाही नोकरी नको होती. प्रत्येकजण आत बसून एकच प्रश्न विचारणार होता: हा भाग शेवटी कुठे जाऊन पडतो?

तेव्हाचे प्राचार्य तक्ता घेऊन आले. "बाई, सगळी नावं एकाच हातची आहेत. कोणाचं अक्षर?"

मी ओळखलं होतं. भिंगरीचं. तीन वर्षं ती माझ्याकडे पाकिटांवर पत्ते लिहायला यायची. त्याच सकाळी डोकावून म्हणाली होती, "मॅडम, तुमचं पेन नेलं होतं हं. ठेवलंय जागेवर."

'माहीत नाही' म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण दारात माझा भाचा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. "मावशी, एकही वेळ उरली नाही गं?"

त्याच्याकडे बघत मी नाव सांगितलं.

भिंगरीला शेवटच्या परीक्षेला बसू दिलं नाही. जिन्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, पेन तर परत केलं होतं ना मी?"

तो तक्ता रद्द झाला, वेळा मोकळ्या झाल्या, भाच्याला नोकरी लागली. आज पाहुणा म्हणून इथे माझ्या शेजारी बसलाय तो. त्याला हे आत्ताच कळतंय. बस रे, उठू नकोस.

प्राचार्य महोदय, आज सकाळी तुम्ही मला उद्याचा तक्ता दाखवलात. चाळीस नावं, पुन्हा एकाच हातची. म्हणालात, "बाई, जाता जाता एवढं काम करा. तुम्हाला सगळ्यांची अक्षरं पाठ आहेत."

आहेत. हेही ओळखलं. ज्याचं आहे तो याच सभागृहात आहे. मागे बघू नका, साहेब. मी सांगणार नाही. माझ्या निवृत्तीचं पत्र अजून तुमच्या सहीसाठी पडून आहे, त्यावर माझं पेन्शन अडलंय, ठाऊक आहे मला.

समारंभ देखणा केलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. भिंगरीचं मात्र घालू नका. ती माफी या सभागृहाला देता येणार नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलाखती सुरू झाल्या. पहिली मुलगी आत गेली, माझ्या भाच्यासमोर बसली आणि तिने तोच प्रश्न विचारला.