कडेला पोचा पडलेली लेन्स

सौसन — हा पोचा फोनवर सांगितला नव्हतास, इनास.

इनास — सांगितलं होतं, ताई. किरकोळ मार लागलाय, म्हटलं होतं मी.

सौसन — किरकोळ? कड चेपलीय, रंग खरवडलाय. माझं सगळं आयुष्य बायकांच्या दालनात लग्नाचे फोटो काढण्यात गेलं. माझ्या घरातलं पातेलंसुद्धा इतकं चेपलेलं नाही.

इनास — काच बघा ना. उजेडाकडे धरा. एक ओरखडा सापडला तर फुकट न्या.

सौसन — काच चांगली आहे. पण यावर फिल्टर बसणार नाही.

इनास — नाही बसत. मी तशीच वापरली, दोन लग्नांत. नवरीच्या आईला काही कळलं नाही.

सौसन — नवरीच्या आईला फक्त आपली हनुवटी दिसते. भाव उतरव.

इनास — तुम्हीच उतरवा. माझ्यात घासाघीस करायची ताकद नाही. सकाळी एक जण येऊन गेला. खरबूज दाबून बघावं तशी बघितली आणि म्हणाला, बाईच्या हातातली वस्तू, पडणारच.

सौसन — मग पाडलीसच ना?

इनास — पाडली नाही. फेकली.

सौसन — तू?

इनास — नवऱ्यानं. भिंतीवर. म्हणे, परक्यांच्या लग्नात नाचायला जातेस. मी नाचत नाही हो, नाचणाऱ्यांचे फोटो काढते. किती वर्षं तेच समजावत होते.

सौसन — आणि कॅमेरा?

इनास — तोही फेकला. नेम चुकला, सोफ्यावर पडला.

सौसन — देव त्याचा नेम असाच ठेवो. चहा पी, निवला बघ. साखरही घातली नाहीस.

इनास — आता आईकडे आहे, पोरीला घेऊन. आई म्हणते, हे सगळं विकून टाक आणि परत जा. त्याचा राग वस्तूवर आहे, तुझ्यावर नाही.

सौसन — तुझं काय म्हणणं?

इनास — म्हणणं उरलंच नाही. नुसती झोप येते.

सौसन — बरं. एक फोटो काढून दाखव, मग ठरवू. थांब्यावरच्या त्या रताळी भाजणाऱ्याचा काढ.

इनास — तुम्हीच काढून बघा ना.

सौसन — मनगट गेलंय माझं. हात थरथरतो. काढ तू.

(इनास कॅमेऱ्याला लेन्स चढवते आणि उठते. रताळ्यांच्या धुरातून बघत जरा डावीकडे सरकते. ट्राम पुढून निघून जाईपर्यंत थांबते, मग बटण दाबते.)

सौसन — ट्रामसाठी का थांबलीस?

इनास — तिची सावली त्याच्या तोंडावर येत होती. आणि तो हसणार होता, गिऱ्हाईक काहीतरी बोललं त्याला.

सौसन — दाखव. … हं. घेते लेन्स. तू सांगितलेल्या भावात.

इनास — आणि पोचा?

सौसन — राहू दे. अडचण निराळीच आहे. ही घेत होते माझ्या हाताखालच्या मुलीसाठी. काल तिचा निरोप आला, लग्न ठरलं, ती तिकडे लांब आसवानला चालली. तुला शब्द दिला होता म्हणून आले. आता लेन्स आहे, धरायला हात नाही.

इनास — ताई, मला दया नको.

सौसन — दया करायला अंगात त्राण लागतं, बाई. ते माझ्यात कुठलं? शुक्रवारच्या लग्नात फोटो तू काढ, मला खुर्चीवर बसायचंय, बस्स.

इनास — आई ओरडेल.

सौसन — ओरडू दे. पोरीला सांभाळेल ना?

इनास — सांभाळेल. ओरडत ओरडत सांभाळेल. पण तो तिथं आला तर?

सौसन — बायकांच्या दालनात? दारावर माझी जाऊ बसते. नवरदेवालासुद्धा ती दोनदा विचारते, तू कोण म्हणून.

इनास — …शुक्रवारी कुठं येऊ?

सौसन — इथंच, ट्रामच्या थांब्याशी. आणि मऊ बूट घालून ये. पाय फार दुखतात.