दोघांच्या जेवणाचा आवाज

शिवणकाम करणारी एक बाई जनावरांच्या दवाखान्यात मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. समोर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बहीण बसले होते. त्यांच्या बाकाखाली हाडं दिसणारा कुत्रा भिंतीला चिकटून थरथरत होता.

"दादा, अजून हात लावू देत नाही तो तुला. ज्यांनी सोडवून आणला त्यांना देऊन टाक परत."

"पहिल्या मालकानं साखळीला बांधून उपाशी ठेवलं होतं गं त्याला. माणसाची धास्तीच घेतलीय त्यानं."

"निदान जेवतो तरी का?"

"माझ्यासमोर नाही. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो, की हळूच येतो."

"आणि तू कधी जेवतोस?"

"तेव्हाच. दोघांच्या जेवणाचा आवाज येतो घरात."



"वहिनी गेल्यापासून मी येते की दर रविवारी."

"येतेस गं. पण रविवार संपतो."

बाईने टोपलीचं झाकण उगाचच नीट केलं. तेवढ्यात आतून मदतनिसाने गृहस्थांना हाक मारली. ते उठले, कुत्रा मात्र अधिकच आत सरकला. मग ते खालीच फरशीवर बसले, त्याच्याकडे न बघता.

"बाई, तुम्ही जा आधी. याला वेळ लागेल. आम्हाला घाई नाही."

बाई टोपली उचलून आत निघाली. मागून आवाज आला,

"अगं, तू कशाला खाली बसतेस? कपडे खराब होतील."

"होऊ देत. सरक जरा."