चंद्री आणि निळा लेसर

(कोल्हापूर, २००८. राजारामपुरीतलं गुरुपादचं टीव्हीचं दुकान. एका चपट्या पडद्यावर नव्या डिस्क प्लेयरमधले समुद्रातले मासे फिरतायत. समोर खुर्चीवर काळा चष्मा लावलेल्या धोंडुबाई. काउंटरपाशी त्यांचे यजमान बाळासो, खांद्यावरचा टॉवेल हातावर पसरून.)

गुरुपाद : ते सगळं खरं, बाळासो अण्णा, पण टॉवेल कशाला? तोंडानं विचारा की किंमत. दुकान आहे हे, जनावरांचा बाजार नव्हे.

बाळासो : हळू बोल की जरा. ती मासं बघण्यात दंग हाय, तंवर उरकून टाकू. घाल हात टॉवेलाखाली.

गुरुपाद : मला ही बोटांची भाषा कुठली येणार?

बाळासो : गडहिंग्लजच्या बाजारात बाचा हात धरून हिंडलायस, आन् येत न्हाय म्हणतोस? तुझा बा दुकान काढायच्या आधी बैलंच विकत हुता. घाल हात.

गुरुपाद : घातला. हं, धरा. ही एवढी बोटं. आणि वर हे आणखी एक.

बाळासो : आयला. एवढ्यात तर म्हस येती.

गुरुपाद : म्हणून तर म्हणतोय, थांबा. दुकानदार असून मीच नको म्हणतोय, यावरनं ओळखा. या प्लेयरच्या पोटात निळा लेसर असतो. साध्या डीव्हीडीत तांबडा. तांबडा आता चिल्लर झालाय, कुणीही करतो. निळा करायचा म्हणजे अवघड काम. शंभर केले की निम्मे फुकट जातात, आणि त्यांचा खर्च उरलेल्यांच्या बोडक्यावर बसतो.

बाळासो : म्हंजे नासलेल्या दुधाचं पैसं बी गिऱ्हाइकाकडनंच काढायचं.

गुरुपाद : तसंच. पण कालच पेपरात आलंय, तिकडं नवी पद्धत निघालीय म्हणे. नासणारे कमी झाले की लेसर स्वस्त, लेसर स्वस्त झाला की प्लेयर स्वस्त. पुढच्या दिवाळीला निम्म्यात देईन तुम्हाला.

बाळासो : आन् न्हाई उतरला दर, तर?

गुरुपाद : उतरणार हो. पहिल्या व्हीसीडी प्लेयरचं काय झालं? तुमच्याच गल्लीतल्या कृष्णातनं हौसेनं घेतला, गल्लीत पेढे वाटले. थोड्याच दिवसांत तेवढ्या पैशात तीन यायला लागले. अजून रस्त्यात दिसलो की शिव्या घालतो मला.

बाळासो : मी न्हाई घालणार. आरं, पाच-सहा वर्सं हिच्या डोळ्यांवर पडदा. ऑपरेशन म्हटलं की थरथरायची. सांजंला टीव्ही लावून बसायची आन् मला म्हणायची, काय चाललंय सांगा. मग मी सांगायचो.

गुरुपाद : चांगलं केलंत की मग.

बाळासो : कसलं चांगलं? शेणघाण, वैरण, धारा करून दमलेला गडी मी. डोळा लागायचा. मग मनानंच ठोकून द्यायचो. सासू सुधारली, थोरला दुबईला गेला. एकदा एकाला मारून टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्योच बोलायला लागला. ही म्हणाली, ह्यो कोण? म्हटलं, त्येचा जुळा भाऊ.

गुरुपाद : अण्णा, तुम्ही दुकानात बसायला पाहिजे होतं.

बाळासो : हसू नगं. लई फसवलंय मी तिला. आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आमच्या पोरानं, अमरसिंहानं, पुण्यास्नं चपटा टीव्ही धाडलाय. तुझी ही पेटी तेवढी लावली की तिला सगळं खरं बघू दे, लख्ख. आणिक वर्सभर तिला थांब म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

गुरुपाद : आणि पैसे?

बाळासो : चंद्री म्हशीला वडगावच्या बाजारात न्हेतो.

गुरुपाद : अक्कांची चंद्री? त्यांना माहीत आहे?

बाळासो : तिला कळू न्हाई म्हणून तर टॉवेल.

धोंडुबाई : सरका जरा. गुरुपाद, ती बोटं मला दाखव.

बाळासो : तू मासं बघ की.

धोंडुबाई : बघून झालं. पडदा माझ्या डोळ्यांवर हुता, कानावर न्हवता. माझा बा वडगावच्या बाजारातला दलाल. टॉवेलाखालचा हिशेब मला तुमच्या आधीपास्नं येतोय. धर माझा हात, लेकरा.

गुरुपाद : घ्या अक्का. एवढं.

धोंडुबाई : एवढ्यासाठी चंद्री? ती गाभण हाय. दिवाळीला ही पेटी निम्म्यावर येणार, आन् चंद्री रेडकासकट दुप्पट हुणार. आन् हे निघालं येवहार करायला.

बाळासो : येवहार न्हवं त्यो. तुला चांगलं दिसावं म्हणून म्या...

धोंडुबाई : दिसतंय की चांगलं. पट्टी काढल्यावर पयलं काय बघितलं सांगू? तुमच्या मिशा. पांढऱ्याफेक. इतकी वर्सं मी काळ्याच समजत हुतो.

बाळासो : मला इचारायचं तरी.

धोंडुबाई : इचारलंतं. काळ्याच हायत म्हणालासा.

गुरुपाद : अक्का, माझं ऐका. हा शोचा पीस आहे, या किमतीला कुणी उचलत नाही. डोळे दाखवायला कोल्हापूरला येताच, तेव्हा इथं येऊन बसत चला. दर उतरला की पहिला निरोप तुम्हाला.

धोंडुबाई : फुकट न्हाई बसायची मी. चंद्री व्याली की खरवस आणतो.

बाळासो : तुमचं दोघांचं झ्याक जमलं. माझं काय? मला तुला कायतरी द्यायचं हुतं.

धोंडुबाई : मग त्या जुळ्या भावाचं पुढं काय झालं, ते सांगा.

बाळासो : आगं, त्यो... त्यो मी बनवलाता.

धोंडुबाई : ठावं हाय. शेजारच्या बनाबाईनं तवाच सांगितलंतं.

बाळासो : मग बोलली का न्हाईस इतकी वर्सं?

धोंडुबाई : बोललो असतो तर तुम्ही गप बसला असतासा. परवा खरी मालिका बघितली मी. सासू हाय तसलीच हाय. तुमचीच बरी हुती.

गुरुपाद : मासे परत पहिल्यापासनं लावू का अक्का?

धोंडुबाई : लाव. मी डोळं मिटून बसतो. हं, सांगा आता. काय चाललंय?

बाळासो : एक मासा हाय. निळा. एकलाच फिरतोय... न्हाई, थांब. मागनं त्येचा जुळा भाऊ येतोय.