उजव्या हातचा विडा

सभापती महाराज, आजचे उत्सवमूर्ती रावसाहेब विश्रामराव, ठाण्या-कल्याणाहून जमलेले गृहस्थहो आणि पडद्याआड बसलेल्या मायबहिणींनो,

रावसाहेब आज कचेरी सोडून गावी निघाले. निरोपाचा विडा सर्वांत वडील कारकुनाने द्यायचा, मग तो कामावर असो वा घरी बसलेला, ही इथली रीत, म्हणून मी उभा आहे. विडा तबकात तयार आहे. जरा दम धरा, रावसाहेब. आधी गुण गायचे असतात.

गुण पुष्कळ. मला मात्र दिवाळीची ती पानसुपारी आठवते, याच दिवाणखान्यातली. त्याआधी श्रावणात मला अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवं अंग लुळं पडलं होतं. मी डाव्या हाताने यांच्यापुढे विडा धरला. यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि चारचौघांत विचारलं, ‘डाव्या हाताने? माझं श्राद्ध घालता काय?’ मंडळी हसली. हसणाऱ्यांपैकी काही आजही समोर बसले आहेत. पुढच्याच आठवड्यात मला घरी बसवलं आणि माझ्या जागी यांचे मेहुणे आले. तेव्हा अंगाची आग झाली होती. अजून होते.

बाळकुमच्या घरी मी भिंतीकडे तोंड करून पडलो. वैद्यबुवांनी तेल चोळायला सांगून हात टेकले. आमच्या कुटुंबाने, चंद्रभागेने, मला उठवून जात्यापुढे बसवलं, माझी बोटं फडक्याने खुंट्याला बांधली, वर आपला हात ठेवला आणि दळायला घेतलं. ती फिरवी, माझा हात नुसता मागून जाई.

मी म्हटलं, ‘अगं, पुरुषाने दळावं का?’

‘विडा द्यायचाय ना त्यांना? मग ओढा.’

रावसाहेबांच्या कानावर गेलंच. कचेरीत म्हणत, ‘त्यांच्याकडे दळण टाका.’ टाकायचं होतंत, रावसाहेब. नाचणी जड जाते, हात लवकर वळला असता. पुढे फडकं सुटलं. मग तिने वाल निवडायला दिले, आणि शेवटी विड्याची पानं. शिरा काढताना पान फाटे, मला रडू येई. फाटकं पान ती स्वतः खाई आणि दुसरं पुढे करी.

हा विडा आज सकाळी मी याच हाताने लावला. लवंग टोचायलाच काय तो उशीर झाला.

आपण बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार आहेत. अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. झटक्यापासून जीभही थोडी वाकडी चालते.

रावसाहेब, हात पुढे करा. माझा हात कापतो, पोचायला वेळ लागेल. तोवर तुमचा तसाच राहू द्या. मागे घेऊ नका, सभा बघते आहे.

हं. घेतलात.

आपल्याकडे विडा हाती पडला की पाहुण्याने उठायचं असतं. उठा.