सासऱ्यांचा लाल कांदा

...आणि तुम्हाला सांगतो, चांगला चार किलो आणला होता मी, पिवळा, कडक, एकही नासका नाही, तर सासूबाई पिशवीत डोकावून म्हणतात कशा, "जावईबापू, हा घेवड्यात परतायचा. कच्चा खायचा कुठाय?" आता शेवटी कांदाच ना? पण नाही! सासऱ्यांना जाऊन चाळीस दिवस झालेले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं जेवण, आणि आमच्याकडे त्या जेवणात जे वाढाल तेच मेलेल्याला तिकडे पोचतं. म्हणजे मी पिवळा वाढला तर आमचे सासरे, पांतेलीबाबा, तिकडे तोंड वाकडं करत पिवळाच खाणार, आणि सासूबाईंच्या स्वप्नात येऊन नाव कुणाचं घेणार? माझं!

पांढरा चालेल का म्हटलं, तर तो म्हणे कोशिंबिरीचा. सासऱ्यांना हवा लाल, चपटा, गोड, रसाळ. मार्चमध्ये! बाजारातला कांदेवाला म्हणाला, तो नाताळातच संपला, हा घ्या, हाही लालच आहे. घेतला. सासूबाईंनी एक पाकळी चावली आणि पिशवी परत माझ्या हातात. तिखट. शेवटी कांदाच ना हो?

तीन गावं पालथी घातली. चौथ्या गावात फिलोफ्तेया म्हणून एक म्हातारी, चुलीवर पाच कांद्यांची वेणी टांगलेली. विकेना! "माझ्या जेवणाला ठेवलेत, मी गेल्यावरच्या. पोरगा इटलीत, त्याला काय कळतंय कुठला वाढायचा ते." दमलो होतो, तिच्याच खुर्चीत ठाण मांडून बसलो. शेवटी दोन दिले, पण ती गेली की तिच्या नावानं असलाच कांदा मी वाढायचा, या अटीवर. म्हणजे एकाचं निस्तरताना दुसरं गळ्यात!

जेवणाला कांदा मीच फोडला, बुक्कीनं, सासरे फोडायचे तसा. वीस वर्षं ते बुक्की मारायचे आणि मधला गोड गाभा माझ्या ताटात सरकवायचे. कांद्याची ही जात डोळ्यांना झोंबत नाही, त्यामुळे रडणं कांद्यावर ढकलायचीही सोय नाही. रडलो. मला आवडायचा हो तो माणूस.

आता तीन महिन्यांनी परत जेवण, मग सहा, मग नऊ, मग दर वर्षी, सात वर्षं. रात्री बायकोला म्हटलं, दोरिना, मी गेलो की माझ्या नावानं कुठलाही कांदा वाढ, खरंच कुठलाही.

ती उठून बसली. म्हणाली, "कुठलाही म्हणजे नेमका कुठला?"